विनंती विशेष

पत्राच्या मायन्यात 'सा. न. वि. वि.' असं आपण पिढ्यानपिढ्या लिहीत आलो. साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. त्यातल्या शेवटच्या 'वि.'कडे सहसा कोणी लक्ष देत नाही. पण वर्षभरातलं नेमकं काय 'विशेष' म्हणून सांगायचं, यावरच पत्राची प्रत ठरते.

दिवाळीच्या सुमारास पुण्यात माझ्याकडे दोन वार्षिक पत्रं येतात. लिहिणारे दोघेही कॉलेजपासूनचे मित्र, दोघेही परदेशात. पहिल्याच्या पत्रात मुलीची पदवी, नवं घर, नॉर्वेची सहल. सगळं खरं असतं आणि वाचून बरंही वाटतं; पण ते सोसायटीच्या सभेत अहवाल मंजूर करताना वाटावं तसं. दुसऱ्याचं पत्र मात्र मी चहा करून, निवांत बसून वाचतो. त्याचं 'विशेष' असं: बर्फ काढायचं यंत्र घेतलं, त्या वर्षी बर्फच पडला नाही. विमानतळावर बॅगेतला सोऱ्या पाहून तीन अधिकारी जमले. चौकशी संपली ती एकाने चकलीची कृती लिहून घेतल्यावर.

मित्राने स्वतःवर हसणं हे या आनंदाचं अर्धंच कारण झालं. उरलेलं अर्धं वर्षभराच्या अंतरात आहे. फोनवर रोज दहा विनोद येतात आणि संध्याकाळपर्यंत विसरतात. बारा महिन्यांनंतरही ज्याचं हसू येतं, तेच या पत्रात टिकतं. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून वर्षातून एकदा निवडक वाचायची चटक मराठी घराला लागली आहे. हे पत्र म्हणजे एका माणसाचा दिवाळी अंक. त्यात नेहमीची सदरंही असतात: कुंडीतला कढीपत्ता खाणाऱ्या खारीशी चाललेलं युद्ध गेली सहा वर्षं 'क्रमशः' आहे.

'काजळमाया'चे जी. ए. कुलकर्णी सुनीताबाई देशपांड्यांना लिहिलेल्या पत्रांत भेटतात, तेव्हा नवल वाटतं. नियतीच्या कचाट्यातली माणसं रंगवणारा हा कथाकार तिथे चांगलाच मिस्कील आहे. कथा कोण वाचणार हे लेखकाला ठाऊक नसतं. पत्र वाचणारा कुठे हसेल, हे ठाऊक असतं. वार्षिक पत्राची अडचण ही की ते चाळीस जणांना जातं. माझा मित्र त्यावर एक साधा उपाय करतो. तो 'मेसमधली गुरुवारची आमटी' एवढंच लिहितो आणि पुढे जातो. ती आमटी ज्याने खाल्ली, त्याच्यासाठी पुढचं लिहायची गरज नसते.

तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये त्याची बायको गेली. त्या दिवाळीत पत्र येणार नाही, असं मी धरून चाललो होतो. ते आलं. त्यात लिहिलं होतं की स्वयंपाकघरातल्या डब्यांवरची लेबलं आणि आतले जिन्नस यांचा संबंध फक्त तिलाच माहीत होता. 'साखर' लिहिलेल्या डब्यातला रवा घालून त्याने दोनदा चहा केला होता. 'रवा' लिहिलेल्या डब्यात पोस्टाची तिकिटं निघाली. मीठ अजून सापडलेलं नाही, शोध चालू आहे.

दुःख हा शब्द पत्रात कुठेच नव्हता. मी हसलो आणि मग बराच वेळ पत्र पुढे वाचता आलं नाही. विनोदाने दुःख झाकतात असं आपण सहज म्हणतो. इथे काही झाकलेलं नव्हतं. ती गेल्यावर घरातलं काय गेलं, ते त्या डब्यांइतकं नेमकं कुठल्याच शोकपत्राने सांगितलं नसतं. आणि ते मला कळलं, कारण आधीची कितीतरी वर्षं मी त्याच्या पत्रांवर हसत आलो होतो.

उत्तर मी संक्रांतीला पाठवतो. पाकिटात हलव्याचे चार दाणे, पूर्वी सगळेच पाठवायचे तसे. त्या वर्षी काय लिहावं हे सुचेना, तेव्हा जुन्या पत्रांतला एक मायना आठवला आणि तेवढाच लिहिला: येथील क्षेम जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे.

पुढच्या दिवाळीच्या पत्रात मीठ सापडलं होतं. ते 'बडीशेप' लिहिलेल्या डब्यात होतं.