सरस्वतीबाईंचं सोनं

दिवाळीला धारणीला घरी गेलो होतो. दोन दिवस नेटचा पत्ता नव्हता, म्हणून लॅपटॉपमध्ये आधीच उतरवून ठेवलेला ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आईला लावून दिला. माझी चौथी वेळ, तिची पहिली. मिशा उतरवायला तयार नसलेले नट पाहून ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. शेवटी नावं सरकू लागली तशी म्हणाली, “मस्त हाये. अन् त्या बाईचं सोनं सुटलं का मंग?”

चार वेळा पाहूनही मला ते सांगता येईना.

प्रश्न तिला का पडला हे मात्र ठाऊक होतं. इंजिनिअरिंग झाल्यावर वर्षभरात मी आणि माझ्या रूममेटनं एक अ‍ॅप काढलं होतं. आजूबाजूच्या गावांतून धारणीच्या किराणा दुकानांसाठी ऑर्डर घ्यायची आणि बाजाराच्या दिवशी माल बांधून तयार ठेवायचा. कल्पना वाईट नव्हती. फक्त आम्ही जे बांधत होतो ते आधीच चालू होतं. लोक दुकानदाराला फोन करायचे, तो वहीत लिहून घ्यायचा, वर उधारीही द्यायचा. आमच्या अ‍ॅपमध्ये उधारीचं बटण नव्हतं. सर्व्हर आणि दोन पोरांच्या पगारासाठी आईची पोत आणि गोफ परतवाड्याला गहाण पडले. अठरा महिन्यांत अ‍ॅप बंद झालं आणि सोनं सोडवायला पुण्याच्या नोकरीची दोन वर्षं गेली. त्यामुळे परेश मोकाशींच्या २००९ च्या या सिनेमाबद्दल मी तटस्थपणे लिहितोय असा दावा नाही.

सिनेमा माझा लाडका आहे, हे आधी सांगून टाकतो. छपाईच्या धंद्यात भागीदाराशी बिनसून बाहेर पडलेले, चाळिशी गाठलेले धुंडिराज गोविंद फाळके पडद्यावर हलणारी चित्रं पाहतात आणि आपणही हेच करायचं ठरवतात. घरातल्या वस्तू विकल्या जातात, विम्याची पॉलिसी गहाण पडते, १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनवारी होते, आणि ३ मे १९१३ ला गिरगावात कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागतो. नंदू माधव यांचे फाळके या सगळ्यातून बाजारहाटाला निघाल्यासारखे झपाझप चालत जातात. भीती नाही, भाषण नाही. एवढ्या मोठ्या माणसावरचा सिनेमा असून त्यात एकही पुतळा नाही, याबद्दल मोकाशींचे आभार मानावेत तेवढे थोडे.

या सिनेमाबद्दल बोलताना आपल्याकडे ‘वेड’ हा शब्द हमखास येतो. फाळके वेडे होते, म्हणून हे झालं. मला हा शब्द खटकतो. उद्योजकांवरच्या आपल्या बहुतेक लेखनात तो असतो आणि हिशोबाची वही झाकायला वापरला जातो. फाळक्यांची वही उघडून पाहू. त्या हलत्या चित्रांपर्यंत पोचण्याआधी ते जे. जे. मध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले होते. गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवला होता. पुरातत्त्व खात्यासाठी काम केलं होतं. ब्लॉक बनवणं, रंगीत छपाई, जादूचे प्रयोग, सगळं हातात होतं. १९०९ मध्ये छपाईची यंत्रं बघायला जर्मनीला जाऊन आले होते. कॅमेरा, रसायनं, दृष्टिभ्रम आणि परदेशात जाऊन यंत्र विकत घेण्याची सवय, एवढं सामान ज्याच्याकडे आहे त्यानं सिनेमा काढायचा नाही तर काय लोणची घालायची? १९१० च्या आसपासच्या मुंबईत एवढं सगळं एका माणसाकडे असणं हीच खरी दुर्मीळ गोष्ट होती. सिनेमा मात्र गोष्ट सुरू करतो तेव्हा ही वीस वर्षं मागे पडलेली असतात. मग उरतं ते वेड.

सरस सरस्वती नावाच्या भारतीय वंशाच्या अभ्यासिकेनं नेमकं याच गोष्टीवर काम केलंय. (नावाचा योगायोग माझा नाही.) अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात, हर्बर्ट सायमन यांच्या मार्गदर्शनाखाली, तिनं २७ मुरलेल्या उद्योजकांपुढे एका काल्पनिक वस्तूचा धंदा उभा करण्याची कोडी ठेवली आणि ती सोडवताना मोठ्यानं विचार करायला सांगितलं. २००१ मध्ये तिचा गाजलेला लेख आला. ही माणसं आधी ध्येय ठरवून मग साधनं शोधत नाहीत, असं त्यात निघालं. ती उलटीकडून येतात. मी कोण, मला काय येतं, माझ्या ओळखीचं कोण, यावरून पुढचं पाऊल ठरतं. किती मिळेल याचं भाकीत करण्याऐवजी किती गेलं तर चालेल ते ठरवतात. जोखीम आणि अनिश्चितता यांतला फरक फ्रँक नाइटनं १९२१ मध्येच सांगून ठेवला होता. जोखमीत निदान शक्यता मोजता येतात, अनिश्चिततेत तेही नाही. भारतात एकही पूर्ण लांबीचा कथापट झालेला नसताना त्याचा खप कोण आणि कसा मोजणार?

हा चष्मा लावला की सिनेमातले प्रसंग वेगळेच दिसतात. फाळके कुंडीत वाटाणा पेरतात आणि त्याच्या वाढीची चित्रं एकेक करून टिपतात. पडद्यावर तो वाटाणा क्षणात उगवतो, आणि पैसेवाल्यांचा विश्वास बसतो. माझ्या धंद्यात याला प्रोटोटाइप म्हणतात आणि त्यावर दोन दिवसांच्या कार्यशाळा विकतात. तारामतीसाठी बाई मिळत नाही, तर हॉटेलात काम करणारे साळुंके तारामती होतात. सिनेमात काम करतो म्हटलं की लोक नावं ठेवतात, तर नटांनी सांगायचं की आम्ही हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत. प्रत्येक वेळी प्रश्न एकच, आत्ता हाताशी काय आहे? पद्धत दाखवण्यात मोकाशी अगदी अचूक आहेत, आणि तेही कुठलाही सिद्धांत न सांगता.

किती गेलं तर चालेल, या प्रश्नाशी आलं की मात्र सिनेमा अंतर ठेवतो. हे मी शब्दशः म्हणतोय. मोकाशींचा कॅमेरा बहुतेक वेळ लांब आणि स्थिर असतो, जुन्या मूकपटासारखा, आणि माणसं त्या चौकटीत लगबगीनं ये-जा करतात. विनोदाला ते अंतर लागतंच. घरातली चीजवस्तू बाहेर जाताना लांबून बघितली की गंमत वाटते. पण जिचं कपाट चाललंय तिच्या तोंडाशी कॅमेरा नेला तर ती गंमत टिकणार नाही. विभावरी देशपांडे यांच्या सरस्वतीबाई हुशार, हजरजबाबी, पुढाकार घेणाऱ्या आहेत. खऱ्या सरस्वतीबाईंनी फिल्मला भोकं पाडण्यापासून सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करण्यापर्यंत सगळं केलं, आणि दागिनेही दिले. तिचं कर्तृत्व सिनेमा मोकळेपणानं मान्य करतो, फक्त रात्री तिला झोप लागली का, ते विचारत नाही.

इथे सरस्वतीच्या सिद्धांतातही मला एक फट दिसते. तो यशस्वी झालेल्या माणसांना विचारून बनलाय, हा आक्षेप जुना आहे. माझा आक्षेप ‘मी’ या शब्दावर आहे. माझ्याकडे काय आहे, मला किती गमावणं परवडेल, यातला ‘मी’ आपल्या घरांत सुरू कुठे होतो आणि संपतो कुठे? दागिने हे स्त्रीधन, म्हणजे कायद्यानंही बाईचं. पण मुलाच्या किंवा नवऱ्याच्या यादीत ते ‘हाताशी असलेलं’ म्हणून न विचारता चढतं. दागिने तिनं आपणहून दिले, असं नंतर सांगितलं जातं. खरंही असेल. माझ्या आईनंही आपणहूनच दिले होते. मी मागितले नव्हते, फक्त दोन दिवस जेवताना गप्प बसलो होतो.

आमच्याच तालुक्यात लवाद्याला सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी नव्वदच्या दशकात संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं. हाताशी काय आहे याचं याहून सरळ उत्तर मेळघाटात सापडणार नाही. जंगलात बांबू आणि पाड्यांवर हातानं काम करणारी माणसं. तेव्हा कायद्याच्या लेखी बांबू हे झाड होतं, म्हणजे तोड आणि वाहतूक दोन्हीला परवाना. जंगलाबाहेरच्या बांबूची त्यातून सुटका झाली ती २०१७ मध्ये. वीसेक वर्षं कच्चा मालच अनिश्चित, असा धंदा कुठल्या एक्सेल शीटमध्ये बसतो? सुनीलभाऊ २०२१ मध्ये गेले. त्यांच्यावर सिनेमा निघाला तर त्यातही ‘वेड’ हा शब्द येईल, याची मला खात्री आहे. पण तिथे पणाला लागलं ते दोघांचं आयुष्य होतं आणि ठरवणारेही दोघं होते. हा फरक सिनेमात कसा दाखवायचा ते मला माहीत नाही, पण दाखवायला हवा.

‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ १९१४ च्या सुमाराला थांबतो, यश ताजं असताना. पुढे १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी निघाली, भागीदारांशी पुन्हा बिनसलं, बोलपटानं सगळं बदललं, १९३७ चा ‘गंगावतरण’ शेवटचा ठरला आणि १९४४ मध्ये फाळके नाशिकला गेले ते ओढगस्तीत. गोष्ट कुठे थांबवायची हा दिग्दर्शकाचा हक्क आहे. पण अनिश्चिततेची गोष्ट यशाशी थांबवली की ती मागे वळून निश्चित दिसायला लागते. मग आम्ही पोरं ती होस्टेलवर बघतो आणि घरी फोन लावतो.

परवा त्याच रूममेटचा फोन आला. या वेळी मोहफुलाचं काहीतरी आहे, डोक्यात बरंच पक्कं आहे त्याच्या. मी आधी विचारलं, “किती गेले तर चालतील?” तो म्हणाला, “तू सांग, तुला किती चालतील?” मी अजून आकडा कळवलेला नाही. आई सध्या पोत घालूनच झोपते.