श्रद्धा, बुद्धी व इच्छास्वातंत्र्य : ‘अरुणोदया’चे पुनर्वाचन

श्रद्धा ठेवणे म्हणजे बुद्धी गहाण टाकणे, हा आक्षेप जुनाच आहे. प्रतिपक्षास निरुत्तर केले की त्याच्या ठायी श्रद्धा उत्पन्न होते, हा आपल्यापैकी कित्येकांचा समजही तितकाच जुना आहे. या दोहोंची पारख करण्यास बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ (१८८८) हे आत्मचरित्र उपयोगी पडेल, असे आम्हांस वाटते. ग्रंथकर्ते प्रॉटेस्टंट होते, एवढ्यावरून आपल्या धर्मशिक्षकांनी ते दूर ठेवण्याचे कारण नाही.

पदमनजी बेळगावचे. त्यांचा जन्म १८३१ सालचा. त्याच वर्षी आमच्या नंदगडात संगोळ्ळी रायण्णास फाशी देण्यात आले. सत्तेची सक्ती देहावर कोठवर चालते, हे येथे कोणास सांगावे लागत नाही. ‘अरुणोदया’तील प्रश्न याहून आतला आहे : मनुष्याच्या इच्छेवर कोणाची सत्ता चालते?

बेळगाव व मुंबई येथील मिशन शाळांत पदमनजी शिकले. जातिभेद व मूर्तिपूजा नाकारणाऱ्या परमहंस सभेतही ते वावरले. ख्रिस्ती धर्माची सत्यता बुद्धीस पटली, तरी बाप्तिस्मा लांबतच गेला. तो बेळगावी १८५४ साली झाला. मध्यंतरीच्या काळात त्यांना आणखी प्रमाणांची उणीव होती, असे ग्रंथावरून दिसत नाही. आडवे येत होते ते आप्तांचे दुःख, जातीचा धाक आणि स्वतःचे कचरणारे मन. हा विलंब त्यांनी झाकून ठेवला नाही, हे आमच्या मते या ग्रंथाचे मोठे सामर्थ्य होय. ‘अरुणोदय’ हे नावही सार्थ आहे. पहाट एकाएकी होत नाही.

ग्रंथात दोषही आहे. पूर्वधर्माविषयी लिहिताना लेखकाची लेखणी वादपटूची होते. परक्या शास्त्रांस लावलेली तर्काची कसोटी ते स्वतःच्या श्रद्धेस तितक्याच कठोरपणे लावीत नाहीत. त्यामुळे तर्कानेच हे मतांतर घडविले, असा वाचकाचा ग्रह होण्याचा संभव आहे. परंतु त्यांच्याच जीवनाची साक्ष याच्या उलट आहे. तर्काने त्यांना उंबरठ्यापर्यंत आणले. उंबरठा ओलांडणे हे निराळे कृत्य होते.

हा भेद न ओळखल्याने वाद कसे निष्फळ होतात, याचे उदाहरण त्याच काळात सापडते. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबावा ब्रह्मचारी व मिशनरी यांचे जाहीर वाद झाले. दोन्ही बाजूंनी त्यांचे वृत्तान्त छापले. बुद्धीची झुंज रंगली; पण हरलेल्याच्या अंतःकरणाचे काय झाले, हे अशा जयापजयावरून ठरत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांच्या मते श्रद्धेत संमती देते ती बुद्धी. परंतु कृपेने प्रेरित झालेल्या इच्छेच्या आज्ञेवरून. पहिल्या व्हॅटिकन परिषदेने १८७० साली दोन गोष्टी एकत्र मांडल्या : देवाचे अस्तित्व बुद्धीस कळू शकते, आणि श्रद्धेची संमती स्वतंत्र असते. दुसऱ्या परिषदेने १९६५ साली धर्मश्रद्धेत सक्तीला थारा नाही, हे स्पष्ट केले. आपल्या राज्यघटनेचा २५ वा अनुच्छेदही सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य मान्य करतो.

येथे कोणी विचारील, कृपाच इच्छेस प्रेरणा देते, तर स्वातंत्र्य उरले कोठे? हे गूढ पूर्ण उकलल्याचा दावा आम्ही करीत नाही. तथापि कृपा म्हणजे इच्छेस बाहेरून ओढणारा दोर नव्हे. जडलेली इच्छा मोकळी करणारी ती शक्ती आहे. मार्ककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील धनवान पुरुष पाहावा. प्रभूने त्याच्याकडे प्रीतीने पाहिले, आणि तो खिन्न होऊन निघाला तेव्हा त्यास जाऊ दिले. त्याच्यामागे युक्तिवाद धाडला नाही.

खानापूर तालुक्यातील घरांत मराठी, कोंकणी व कानडी तिन्ही भाषा कानी पडतात. शंका मात्र तिन्हींत सारख्याच असतात. तरुणांनी त्या विचारल्या, तर धर्मशिक्षकाने कारणे द्यावीत. केवळ ‘श्रद्धा ठेव’ म्हणणे हा बुद्धी देणाऱ्याचाच अवमान होय. उत्तर पटूनही कोणी थांबला, तर त्यास हट्टी ठरवू नये. त्याच्यासाठी प्रार्थना करावी, आपले दार उघडे ठेवावे आणि वाट पाहावी. पदमनजींनाही वेळ लागलाच होता.