हवेलीतली ओल

गुलजारांचा 'लेकिन...' मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा शाळेत असताना, आईच्या लताप्रेमापायी. दुसऱ्यांदा पवनीचा आमचा वाडा विकायचं ठरलं त्या आठवड्यात. दुसऱ्या खेपेला तो जास्त आवडला, आणि त्याचा रागही आला.

सिनेमा सुरू होतो एका सरकारी कामापासून. समीर नियोगी (विनोद खन्ना) राजस्थानच्या वाळवंटात राजा परमसिंगाच्या पडक्या हवेलीतल्या वस्तूंची नोंद करायला जातो. तिथे त्याला रेवा (डिंपल कपाडिया) भेटते. काळात अडकलेली, वाळवंट पार करून द्या म्हणणारी. मूळ बीज रवींद्रनाथांच्या 'क्षुधित पाषाण' (1895) या कथेचं. पण त्या कथेत वाळवंट नाही, नदी आहे. किशोरवयात रवींद्रनाथ अहमदाबादला, साबरमतीकाठच्या शाहीबागेतल्या महालात भावाकडे राहिले होते, तिथे ती सुचली. कथेतला कापसाचा महसूल गोळा करणारा नायक संध्याकाळी नदीत उतरणाऱ्या अदृश्य मुलींचा आवाज ऐकतो.

गुलजारांनी नदी काढून वाळू घातली, हा या रूपांतरातला सगळ्यात मोठा निर्णय. दृश्य म्हणून तो फळलाही आहे. मनमोहन सिंग यांचा कॅमेरा, नितीश रॉय यांचं कलादिग्दर्शन, कोल्हापूरच्या भानू अथैया यांची वेशभूषा (शेवटच्या दोघांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले), सगळं त्या कोरड्या उजेडात उठून दिसतं. शिवाय वाळवंट म्हटलं की पलीकडे जाणं आलं. रेवाला एक दिशा मिळते, सिनेमाला शेवट मिळतो.

माझी तक्रार तिथेच आहे. रवींद्रनाथ शेवट देत नाहीत. स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये सांगितली जाणारी ती गोष्ट इराणी दासीच्या हकिकतीपाशी येते, तेवढ्यात गाडी येते आणि सांगणारा निघून जातो. 'लेकिन...'मध्ये रेवाची पूर्वकथा रीतसर उलगडते. उस्ताद, बहीण, राजाची वासना, कैद. जे कळत नव्हतं म्हणून घाबरवत होतं, ते कळून जातं. आणि ती सुटते. शीर्षकातल्या तीन टिंबांना मग काही काम उरत नाही.

दुसरं म्हणजे, यादीचं काय झालं? रेवा आल्यावर समीरचं काम सिनेमा जवळजवळ विसरतो. मला ते खटकलं, कारण त्या आठवड्यात मी तेच करत होतो. पुण्याहून चार दिवसांची सुट्टी काढून लॅपटॉपवर शीट उघडून बसलो होतो: वस्तू, नग, अवस्था, कोणाकडे. पितळेचे गुंड 6. धानाची ढोली 1, बुड गेलेली. भुतं भेटतात ती या रकान्यांमध्येच. आजीचा अडकित्ता 'अवस्था'त काय लिहून बसवायचा यावर मोठे काका आणि आई अर्धा तास बोलत राहिले, आणि तोवर कधीच न ऐकलेल्या एका आत्याचं नाव निघालं. समीरने नोंदवही बंद केली नसती तर त्याला अजून काही जणी भेटल्या असत्या, असं मला वाटत राहिलं.

वाळवंटाबद्दल आणखी एक. तिथे हवेली सुकते, टिकते, म्हणून तिच्यात भूत राहू शकतं. आमच्याकडे मातीच्या भिंती पावसात विरतात. 2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचा पूर चढला, त्यानंतर माजघराची ओल गेलीच नाही. वाडा विकण्याचं खरं कारण ती ओल. भावकीचं भांडण नंतरचं.

आणि तरी या सिनेमातलं सगळ्यांना आठवतं ते गाणं 'यारा सीली सीली'. सीली म्हणजे दमट, ओलसर. वाळवंटातल्या सिनेमाचं सर्वांत मोठं गाणं ओलीवर! हृदयनाथांनी त्याची चाल अशी बांधली आहे की स्वर पुढे जायला निघतो आणि त्याच जागी पाझरत राहतो. त्या वर्षीचे संगीत, गीत आणि गायन हे तिन्ही राष्ट्रीय पुरस्कार याच सिनेमाकडे आले, लताबाईंचा तर याच गाण्यासाठी. गुलजारांनी कथेतून काढलेली नदी गुलजारांच्याच शब्दांतून परत आली आहे. रेवा वाळू ओलांडून गेली तरी हे गाणं हवेलीतच राहतं. सिनेमाचा न झालेला शेवट मी तिथे ऐकतो.

माझ्या शीटमध्ये अंगणातली विहीर अजून आहे. नग 1. 'कोणाकडे' हा रकाना आईने भरू दिला नाही.