जॉन क्लार्काची ‘अशुभ वार्ता’ : बखर कीं अस्सल कागद?

जॉन क्लार्क याचें ‘न्यू इंग्लंडकडील अशुभ वार्ता’ हें पुस्तक लंडन येथें १६५२ सालीं छापलें गेलें. मॅसॅच्युसेट्स इतिहास मंडळानें तें १८५४ सालीं पुनर्मुद्रित केलें. बॅप्टिस्टांच्या छळाचें हें प्रमुख साधन होय. परंतु लेखक स्वतः फिर्यादी, आणि फिर्याद पार्लमेंटापुढें मांडलेली. तेव्हां त्याची पारख आधीं केली पाहिजे.

बालकांच्या बाप्तिस्म्यास विरोध करणारांस हद्दपार करण्याचा कायदा मॅसॅच्युसेट्सनें १६४४ सालीं केला होता. १६५१ च्या जुलैंत ऱ्होड आयलंडांतील क्लार्क, ओबादाया होम्स व जॉन क्रँडल हे लिन येथें एका अंध वृद्ध धर्मबंधूच्या घरीं उपासनेच्या वेळीं पकडले गेले. त्यांस अनुक्रमें २०, ३० व ५ पौंड दंड झाला. मित्र दंड भरण्यास तयार असतांही होम्सनें तें नाकारलें. सप्टेंबरांत बोस्टन येथें त्यास ३० फटके मारण्यांत आले.

क्लार्क पक्षाभिमानी आहे, हें उघड आहे. तथापि त्यानें सदर कायदा, न्यायसभेचे निवाडे, होम्सचें पत्र, आणि फटक्यांनंतर होम्सचा हात हातीं धरल्याबद्दल पकडलेल्या दोघांचीं निवेदनें पुस्तकांत दिलीं आहेत. प्रतिपक्षाचाच कागद फिर्यादीस दुजोरा देतो, तेथें बखरीचा दोष पुष्कळ कमी होतो.

उत्तरार्धांतील युक्तिवाद मात्र आम्हांस अपुरा वाटतो. सदसद्विवेकबुद्धीवर बाह्य बळानें सत्ता चालविण्याचा अधिकार ख्रिस्ताच्या कोणाही सेवकास नाहीं, हें क्लार्क शास्त्रवचनांनीं सिद्ध करतो. परंतु १५३४-३५ च्या म्यून्स्टर येथील बंडामुळें राज्यकर्त्यांच्या मनांत बसलेली भीति वचनांनीं कशी जावी? धर्मैक्यावांचूनही नागरी शांतता नांदूं शकते, हें रॉजर विल्यम्सनें १६४४ च्या आपल्या ग्रंथांत अधिक स्पष्टपणें मांडलें होतें.

ही उणीव क्लार्कानें पुस्तकानें नव्हे, कृतीनें भरून काढली. त्यानें मिळविलेल्या १६६३ च्या सनदेंत नागरी शांततेचा भंग न करणाऱ्या कोणासही धर्ममतभेदास्तव त्रास देऊं नये असें आहे. तें अभय केवळ बॅप्टिस्टांपुरतें नाहीं. त्यापूर्वींच, १६५७ सालीं, ऱ्होड आयलंडानें क्वेकरांस हांकलण्याचें नाकारलें होतें. बोस्टनांत मात्र १६५९ ते १६६१ या काळांत चार क्वेकर फांशीं गेले.

छळ सोसलेला मनुष्य सत्ता हातीं आल्यावर इतरांशीं कसा वागतो, यावरून त्याच्या तत्त्वाची पारख होते. म्हणून संग्राहकांनीं हें पुस्तक व ती सनद एकत्र ठेवून वाचावीं, अशी आमची शिफारस आहे.