पान उलटण्याचे नाट्य : पिंगुळीची चित्रकथी

हाताने घडवलेले एखादे पुस्तक मध्ये ठेवायचे, मोजक्या प्रेक्षकांना जवळ बसवायचे आणि पानापानाने नाटक उलगडायचे, असे प्रयोग आज नवे म्हणून पाहिले जातात. तुम्ही ते जरूर पाहा. पण त्याआधी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळीला जाऊ या. तेथील ठाकर समाज पिढ्यानपिढ्या चित्रकथी सादर करत आला आहे. सावंतवाडी संस्थानाचा तिला आश्रय होता. चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख तर बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथातही सापडतो.

चित्रकथी आपण बहुधा चित्रकलेच्या तासाला शिकतो. एका बाजूने दिसणारे चेहरे, मोठे डोळे, ठसठशीत बाह्यरेषा, रिकामी पार्श्वभूमी, एवढे लिहिले की गुण मिळतात. माझ्या मते तिची खरी जागा नाटकाच्या तासाला आहे.

का, ते तिच्या बांधणीत पाहा. रामायण-महाभारतातील एका आख्यानाची सुटी चित्रे मिळून एक संच होतो. त्याला पोथी म्हणतात. दोन चित्रांच्या पाठी एकमेकींना चिकटवलेल्या असतात, म्हणजे एका पानावर दोन प्रसंग. पान प्रेक्षकांसमोर उभे असते, तेव्हा त्याच्या मागचे चित्र सांगणाऱ्याकडे तोंड करून असते. प्रेक्षक युद्धाच्या आरंभी आहेत आणि सूत्रधाराच्या डोळ्यांसमोर कदाचित शेवट आहे! वीणा, हुडूक आणि टाळ यांच्या साथीने तो ओवी लांबवतो, संवाद रंगवतो, साथीदाराला मध्ये घेतो, आणि पान उलटायचे कधी हे समोरच्यांचे चेहरे पाहून ठरवतो. चित्र हलत नाही. हलतो तो हात, आणि त्या हाताची वाट पाहणे हेच इथले नाट्य.

जपानची कामिशिबाई हिची दूरची बहीण म्हणता येईल. तिथेही चित्रांचे पुठ्ठे एकामागून एक सरकतात. पण छापील कामिशिबाईत पुठ्ठ्याच्या मागे निवेदकासाठी मजकूर असतो. पिंगुळीच्या पानामागे मजकूर नाही, दुसरे चित्र आहे. कथा सगळी मुखोद्गत. ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्यांचा खेळही करतात. (तमिळनाडूतही हा खेळ करणारी मराठी बोलणारी कुटुंबे आहेत, हे जाता जाता सांगतो.) तिथे कलावंत पडद्याआड असतो. पोथीपुढे आड काहीच नाही, आणि म्हणून चित्रकथी मला अधिक धीट वाटते.

आता अडचणीकडे येऊ. पान साधारण फूट-दीड फुटाचे. ते नीट दिसेल इतकेच लोक बसू शकतात. प्रेक्षागृहाचा आकार कागदाने ठरवलेला आहे. महोत्सवाच्या भव्य मंचावर हीच पोथी आली की मागच्या रांगांसाठी चित्र पडद्यावर मोठे करून दाखवतात. चित्र दिसते, पण पान उलटणारा हात हरवतो. काचेच्या चौकटीत तर याहून वाईट होते : एक प्रसंग आपल्याकडे आणि दुसरा कायमचा भिंतीकडे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या चित्रकथीचा मोठा संग्रह आहे. असे संग्रह नसते तर जुना कागद उरलाच नसता, हे मान्य करूनच मी ही तक्रार करतो आहे. जतन करायचे ते चित्र की पान, हा प्रश्न मात्र उरतो.

पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यात 'ठाकर आदिवासी कला आंगण' उभे केले. त्यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. चित्रे आणि ती दाखवणारी माणसे तिथे एकाच छपराखाली भेटतात.

पुढच्या तासाला येताना एक जाड कागद आणा. दोन्ही बाजूंना एकाच गोष्टीचे दोन प्रसंग काढा. सहा जणांना समोर बसवा, पहिला प्रसंग सांगा, आणि पान कधी उलटलेत ते वहीत लिहून ठेवा. मग हेच वीस जणांसमोर करून पाहा.