आठ गुणांचा संघ

‘मर्डरबॉल’च्या सुरुवातीला एक माणूस कपडे बदलतो. मार्क झुपान त्याचं नाव. अंगावर टॅटू, लालसर दाढी, खाली व्हीलचेअर. हातांनी पाय उचलायचा, पँट सरकवायची, मग दुसरा पाय. कॅमेरा घाई करत नाही आणि निवेदक काही समजावत नाही. अपंग खेळाडूंवरचा सिनेमा म्हटल्यावर डोळे भरून येण्याची तयारी करून बसलेल्या प्रेक्षकाला पहिल्या पाच मिनिटांतच कळतं की इथे रुमाल लागणार नाही.

हेन्री ॲलेक्स रुबिन आणि डॅना ॲडम शापिरो यांचा हा माहितीपट २००५ सालचा. त्या वर्षी सनडान्स महोत्सवात त्याला प्रेक्षकांचा पुरस्कार मिळाला, पुढे ऑस्करचं नामांकनही. अमेरिकेचा व्हीलचेअर रग्बी संघ २००२च्या जागतिक स्पर्धेत स्वीडनमध्ये कॅनडाकडून हरतो आणि २००४च्या अथेन्स पॅरालिम्पिकची तयारी करतो, एवढीच गोष्ट. मी तो तीनदा पाहिला. पहिल्यांदा टकरींसाठी, दुसऱ्यांदा माणसांसाठी. तिसऱ्यांदा मात्र मी फक्त तयारी बघत होतो. खेळावरच्या आपल्या सिनेमांत नेमकी हीच गोष्ट एका गाण्यात उरकलेली असते.

आधी खेळ समजून घेऊ. १९७७ साली कॅनडातल्या विनिपेगमध्ये ज्यांच्या पायांबरोबर हातही बाधित आहेत अशा लोकांनी हा खेळ काढला, कारण व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये त्यांना फारसा वाव नव्हता. मूळ नाव मर्डरबॉल. नंतर ते बदलून सभ्य केलं गेलं, खेळ मात्र तसाच राहिला. बास्केटबॉलच्या कोर्टवर दोन्हीकडून चार-चार खेळाडू उतरतात, चेंडू मांडीवर घेऊन समोरची रेषा ओलांडायची असते आणि अडवणाऱ्याच्या खुर्चीला आपली खुर्ची धाडकन भिडवायला पूर्ण मुभा असते. खुर्च्याही खास असतात. सिनेमात त्या वर्कशॉपमध्ये तयार होताना दिसतात, ठिणग्या उडत असतात. चाकांवर पत्रा असतो, पुढे लोखंडी कठडा.

आता खरी गंमत. प्रत्येक खेळाडूला त्याच्या शरीराच्या क्षमतेनुसार ०.५ ते ३.५ असा गुण दिलेला असतो. हातात, खांद्यात, धडात किती ताकद शिल्लक आहे यावरून तो ठरतो. जास्त हालचाल म्हणजे जास्त गुण. आणि कोर्टवरच्या चौघांच्या गुणांची बेरीज ८च्या वर जाता कामा नये.

हा नियम पुन्हा एकदा वाचा. चार तगडे गडी घेतले तर ३.५ चोक १४ होतात, म्हणजे संघच बाद. एका ३.५वाल्याला घ्यायचं तर कुणीतरी १.५ किंवा त्याहून कमी गुणाचा लागतोच. ज्याच्या बोटांत पकड नाही, जो चेंडू धड झेलूही शकत नाही, त्याची खुर्ची प्रतिस्पर्ध्याच्या चाकात अडकून उभी राहते आणि म्हणून रेषेपर्यंतचा रस्ता मोकळा होतो. त्याला संघात घेणं म्हणजे उपकार नव्हे, त्याच्याशिवाय बेरीजच जमत नाही. दया, प्रेरणा, जिद्द हे तिन्ही शब्द न वापरता एखाद्या माणसाची गरज सिद्ध करणारा इतका साधा नियम मला दुसरा माहीत नाही.

सिनेमाचं दुसरं बळ म्हणजे त्याच्यातली भांडणं. जो सोरेस हा कधीकाळी अमेरिकन संघाचा मोठा खेळाडू. वय झालं, संघातून वगळला गेला. तो चिडून कोर्टात गेला, तिथे हरला आणि सरळ कॅनडाचा प्रशिक्षक झाला. जुने सहकारी त्याला गद्दार म्हणतात. त्याच्या घरात एक भिंत पदकांनी आणि ढालींनी भरलेली आहे, आणि त्याच घरात त्याचा मुलगा व्हायोला वाजवतो. मुलाला खेळात रस नाही, हे बापाच्या पचनी पडत नाही. हा माणूस लहानपणी पोलिओ झालेला, स्वतःच्या बळावर उभा राहिलेला. दुसऱ्या कुणी दिग्दर्शकानं त्याला देवळात बसवला असता. इथे तो हट्टी, दुखावलेला आणि पुष्कळ वेळा असह्य आहे. अपंग माणसाला असह्य असण्याचा हक्क देणारे सिनेमे फार थोडे.

आपल्याकडे बघू. कबीर खानचा ‘चंदू चॅम्पियन’ २०२४ साली आला. सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांची ही गोष्ट. लष्करातला बॉक्सर, १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झालेला, १९७२ साली हायडेलबर्गमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून भारताला पॅरालिम्पिकचं पहिलं सुवर्ण मिळवून देणारा. कार्तिक आर्यननं मेहनत घेतली आहे, आणि पेटकरांचं नाव नव्या पिढीच्या फोनपर्यंत पोहोचलं हे या सिनेमाचं श्रेय. पण थिएटरमधून बाहेर पडताना मला एकाही प्रश्नाचं उत्तर मिळालं नव्हतं. कमरेखाली बळ नसलेला माणूस पाण्यात तोल कसा सांभाळतो? वळताना काय करतो? त्याच्यासोबत कोण गेलं होतं, ते कसे खेळले? सिनेमाला त्यात रस नाही. त्याला एक एकटा माणूस हवा आहे, त्याची हेटाळणी करणारं जग हवं आहे आणि शेवटी टाळ्या.

‘सितारे जमीन पर’मध्ये निदान संघ तरी आहे. मूळ स्पॅनिश ‘कांपेओनेस’वरून घेतलेल्या या सिनेमात दहा नवे कलाकार स्वतः बौद्धिक अपंगत्व असलेले आहेत, आणि ते पडद्यावर आले की सिनेमा उजळतो. तरी गोष्ट कुणाची? शिक्षा म्हणून त्यांना शिकवायला आलेल्या प्रशिक्षकाची. तो सुधारावा म्हणून ते बास्केटबॉल खेळतात.

आपल्या भाषेत दोन शब्द आहेत, संघ आणि पथक. पॅरिस पॅरालिम्पिकला २०२४ साली भारताचं ८४ खेळाडूंचं पथक गेलं आणि २९ पदकं घेऊन आलं. अभिमान वाटावा अशीच कामगिरी. पण त्यात व्हीलचेअर रग्बी, व्हीलचेअर बास्केटबॉल, बैठा व्हॉलीबॉल, गोलबॉल किंवा अंधांचा फुटबॉल यांतला एकही भारतीय संघ नव्हता. भालाफेक, गोळाफेक, नेमबाजी, तिरंदाजी, बॅडमिंटन यांसारख्या खेळांत एकेकटा माणूस कुटुंबाच्या जोरावर, एखाद्या भल्या प्रशिक्षकाच्या आधारानं वर येऊ शकतो. संघाला दर आठवड्याला एकत्र यावं लागतं. बाराजणांना रॅम्प असलेलं मैदान लागतं, प्रवासाची सोय लागते, खुर्च्या लागतात, त्या दुरुस्त करणारा माणूस लागतो. संघ तयार करायला व्यवस्थाच लागते. एकट्या वीराच्या गोष्टी आपल्याला आवडतात, कारण त्यात व्यवस्थेचा हिशेब मागावा लागत नाही.

‘मर्डरबॉल’मध्ये कीथ कॅव्हिल नावाचा तरुण आहे. मोटोक्रॉसच्या अपघातात नुकतीच मान मोडलेला, पुनर्वसन केंद्रातून घरी परतून आपलंच घर परकं झालेलं बघणारा. झुपान रग्बीची माहिती द्यायला येतो आणि त्याला स्पर्धेच्या खुर्चीत बसवतो. कीथ ती खुर्ची हळूच दुसऱ्या खुर्चीला भिडवून बघतो आणि सिनेमाभर विझलेला त्याचा चेहरा पहिल्यांदा पेटतो. हे दृश्य मी व्हीलचेअर वापरणाऱ्या एका मित्राला दाखवलं. मला वाटलं, तो हलून जाईल. त्यानं विचारलं, ‘ती खुर्ची कितीला पडते रे?’ हजारो डॉलर, मी म्हणालो. तो हसला आणि म्हणाला, ‘मग पुढचा सीन लाव.’ या सिनेमावरची माझ्या ऐकण्यातली सगळ्यात नेमकी समीक्षा हीच.

कारण पैसा हा ‘मर्डरबॉल’चा आंधळा कोपरा आहे. खुर्च्या बनताना दिसतात, बिलं दिसत नाहीत. आणखीही कोपरे आहेत. या खेळात नियमानं स्त्री-पुरुष एकत्र उतरू शकतात, पण सिनेमातल्या बायका म्हणजे आई, बायको, मैत्रीण, परिचारिका. अपंग पुरुषांच्या लैंगिक आयुष्याबद्दल सिनेमा बेधडक बोलतो. ते गरजेचंच होतं, पण तेवढ्या भागात तो कॉलेजच्या होस्टेलवर रात्री रंगणाऱ्या बढायांसारखा होतो. ज्या नियमाचं मी एवढं कौतुक केलं, त्यातला ०.५वालाही कडेलाच राहतो. कॅमेऱ्याला आवडतात ते धावते, भिडते, गोल करणारे गडी. म्हणजे खेळानं जी समानता आणली ती कॅमेऱ्यानं पुन्हा हिरावून घेतली.

एक खेळाडू सांगतो की एका लग्नात कुणीतरी त्यांचं स्पेशल ऑलिम्पिक्ससाठी कौतुक केलं आणि त्यांचा पारा चढला. तुम्ही आम्हाला कुरवाळू नका, आम्ही पदकासाठी जातोय, असा त्याचा सूर. ‘दिव्यांग’ या शब्दानं अवघडून जाणाऱ्या कुणालाही हा राग समजेल. देह नीट चालत नाही त्यात दिव्य काय, हा प्रश्न रास्तच आहे. पण स्पेशल ऑलिम्पिक्स ही बौद्धिक अपंगत्व असलेल्यांची वेगळी चळवळ आहे, आणि ‘आम्ही त्यांच्यातले नाही’ या ठसक्यात तीच जुनी उतरंड आहे. दिग्दर्शक त्याकडे हसून काणाडोळा करतात.

हे सगळं धरूनही मला हा सिनेमा मोठा वाटतो तो शेवटामुळे. अथेन्समध्ये अमेरिका उपांत्य फेरीत पुन्हा कॅनडाकडूनच हरते. कॅनडाही अंतिम सामन्यात न्यूझीलंडपुढे हरतो. दोन वर्षं ज्या वैरावर आपण पोसलो, त्यातल्या कुणालाच सुवर्ण मिळत नाही. अमेरिकेच्या वाट्याला कांस्य येतं, आणि एवढी दांडगी माणसं घरच्यांना बिलगून रडतात. अपंगत्वासाठी नव्हे, सामना गेला म्हणून. कुठल्याही खेळाडूनं रडावं तसं.

असा सिनेमा आपल्याकडे होऊ शकतो, आणि त्यासाठी रग्बीही नको. आपल्याकडे अंधांचा क्रिकेट संघ आहे. २०१२ साली बंगळुरूमध्ये पाकिस्तानला हरवून त्यानं पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला. चेंडूत खुळखुळणारे दाणे असतात आणि तो हात खाली ठेवून सरपटत टाकतात. अकरा जणांत किमान चार पूर्ण अंध असावेच लागतात, आणि पूर्ण अंध फलंदाजाची प्रत्येक धाव दुप्पट धरली जाते. निवडीच्या शिबिरात त्या चार जागांसाठी किती चुरस होत असेल, अंशतः दिसणारा आणि अजिबात न दिसणारा यांच्यात धाव घेताना काय वाद होत असतील, चेंडूचा आवाज कानावर बसेपर्यंत किती संध्याकाळी जात असतील. कुणीतरी दोन वर्षं कॅमेरा घेऊन त्या शिबिरात राहायला हवं. जिंकले तर उत्तम. हरले तरी तो सिनेमा मला बघायचा आहे.