एका फसलेल्या वैराची समीक्षा

जयपूर शहराच्या दक्षिणेस, सांगानेर मागे टाकून टोंकच्या रस्त्याने पुढे गेले की सीतापुरा लागते. कारखाने, जडजवाहिराची निर्यात करणाऱ्या पेढ्या, महाविद्यालये आणि या सर्वांच्या आधाराने वाढलेल्या वसाहती, असे या भागाचे रूप आहे. बदलीवर येथे आलेली मराठी बिऱ्हाडे थोडीच. परंतु जी आहेत ती रविवारी सायंकाळी एकमेकांकडे जमतात, आणि जमली म्हणजे चहापाठोपाठ मुंबई-पुण्याचा जुना वाद ओघानेच येतो. अशाच एका बैठकीस आमचे एक बंगाली स्नेही उपस्थित होते. आदल्या दिवशी ईस्ट बंगालने मोहन बागानला हरविले होते, आणि या वाळवंटी मुलुखात हिलसा मासा मिळविण्यासाठी सकाळपासून केलेली पायपीट ते रंगवून सांगत होते. बागान जिंकले असते तर शेजारच्या घरी कोळंबी शिजली असती, हेही त्यांनी सांगितले. मग सहज त्यांनी विचारले, "तुम्हा मंडळींकडे अशी लढत कोणती?"

आमच्यातील मुंबईकराने पुणेकराकडे पाहिले आणि पुणेकराने चहाच्या पेल्याकडे. "होती एक," पुणेकर म्हणाले, "पण आमचा संघच राहिला नाही." एवढ्यावर विषय संपला, मात्र तो प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. या पृष्ठांवर आपण नाटकांची व कादंबऱ्यांची परीक्षा करतो. दोन पात्रे, ठराविक रंगस्थळ, पुन्हा पुन्हा होणारा प्रयोग आणि जीव टाकून पाहणारा प्रेक्षक ज्या लढतीस लाभतो, तीही एक प्रकारची कलाकृतीच आहे. ती का साधते आणि का फसते, याचा विचार येथे अप्रस्तुत ठरू नये.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. २०१४ साली इंडियन सुपर लीग ही व्यावसायिक फुटबॉलस्पर्धा सुरू झाली व तीत मुंबई सिटी आणि पुणे सिटी असे दोन संघ उतरले. १८ ऑक्टोबर २०१४ रोजी नवी मुंबईत त्यांची पहिली गाठ पडली. मुंबईने पाच गोल केले, पुण्याला एकही करता आला नाही. त्यांतील तीन गोल आंद्रे मोरित्झ या ब्राझिलियन खेळाडूचे होते, आणि या लीगमधील ती पहिलीच हॅटट्रिक होय. या लढतीस वृत्तपत्रांनी लगोलग 'महाराष्ट्र डर्बी' असे नाव दिले. पाच हंगामांत साखळीतील दहा सामने झाले. २०१७-१८ च्या हंगामात पुण्याने उपान्त्य फेरी गाठली व तेथे बेंगळुरूकडून हार पत्करली. पुढे २०१९ साली आर्थिक अडचणींपायी पुण्याचा संघ मोडला आणि लीगमधील त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाने घेतली.

प्रयोगाच्या सामग्रीत काही उणे होते असे आम्हांस वाटत नाही. पहिल्या हंगामात मुंबईकडे फ्रान्सचा आनेल्का होता, पुण्याकडे फ्रान्सचाच त्रेझेगे. दोन्ही संघांच्या मालकांत चित्रपटसृष्टीतील नामवंत नट होते. बालेवाडीचे क्रीडासंकुल सुसज्ज होते. शिवाय कथावस्तू तर आयतीच हाती होती. मुंबई आणि पुणे यांच्यातील खटका मराठी माणसास नव्याने समजावून द्यावा लागत नाही. दुपारची झोप, पाहुण्यास विचारलेला चहा, लोकलची धावपळ, शुद्ध बोलण्याचा अभिमान, या साऱ्यांवर दोन पिढ्यांनी विनोद केले आहेत. दोन शहरांत अंतर म्हणाल तर दीडशे किलोमीटरांच्या आसपास. इतकी अनुकूलता असता हे वैर रुजले का नाही?

याचे सोपे उत्तर असे दिले जाते की पैसा संपला. ते खरे आहे, पण पुरेसे नाही. या लीगच्या आधीही महाराष्ट्रात व्यावसायिक संघ होतेच. महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली, आणि २०१० साली तो संघ बंद झाला. पुणे एफ.सी. आणि मुंबई एफ.सी. हे दोन्ही संघ २००७ साली निघाले. त्यांपैकी पुण्याचा संघ २०१२-१३ साली आय-लीगमध्ये दुसरा आला आणि २०१५ साली स्पर्धेतून बाहेर पडला. मुंबईचा २०१७ नंतर उरला नाही. म्हणजे मुंबई-पुण्याची ही लढत एकदाच नव्हे, दोनदा मांडली गेली आणि दोनदा मोडली. प्रत्येक वेळी निर्णय मालकांच्या बैठकीत झाला, आणि प्रत्येक वेळी शहराने तो वर्तमानपत्रात वाचला. संघ गेला म्हणून मोठा जमाव रस्त्यावर आल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आमच्या मते समीक्षकाने नेमके येथेच बोट ठेवावयास हवे. काही निष्ठावंत प्रेक्षक अवश्य होते आणि त्यांचे दुःख खरे होते. परंतु एकूण शहरास आपले काही गेले असे वाटले नाही.

कोलकात्याचा दाखला याउलट आहे. मोहन बागानची स्थापना १८८९ सालची. १९११ मध्ये त्या संघाने ईस्ट यॉर्कशायर पलटणीस हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली, तेव्हा अनवाणी खेळणाऱ्या देशी तरुणांनी राज्यकर्त्यांवर मिळविलेला विजय म्हणून साऱ्या देशाने तिचे कौतुक केले. ईस्ट बंगाल १९२० साली निघाला, आणि २८ मे १९२५ रोजी लीगमधील पहिल्याच गाठीत त्याने बागानला एका गोलाने हरविले. पण या वैराचा खरा अर्थ पुढे फाळणीने भरला. पूर्व बंगालातून घरदार सोडून आलेल्या लक्षावधी माणसांना नव्या शहरात आपले म्हणता येईल असे फारच थोडे होते; त्या थोडक्यात हा संघ होता. आमचे बंगाली स्नेही सीतापुऱ्यात हिलसा शोधत हिंडतात, ते आजोबांनी गमावलेल्या गावाची आठवण म्हणून.

या वैराचे गोडवेच गावेत असे मात्र नाही. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात प्रेक्षकांत दंगल झाली व १६ जणांचे प्राण गेले. जे वैर माणसाच्या खोल भागास स्पर्श करते ते केव्हा हाताबाहेर जाईल याचा नेम नसतो. मुंबई-पुण्याच्या सामन्याने कोणाचे डोके फुटले नाही, ही त्याची जमेची बाजू मानावयास आम्ही तयार आहो.

कोणी म्हणेल, मराठी माणसाचा पिंडच फुटबॉलचा नाही. त्याने कोल्हापूर पाहावे. तेथे फुटबॉल पेठांचा आहे आणि पेठेची ओळख तालमीने होते. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, ही नावे कोल्हापूरच्या माणसास कुलदैवतासारखी पाठ असतात. ज्या तालमीत आजोबांनी लाल मातीत कुस्ती केली, जिच्या गणपतीपुढे वडिलांनी लेझीम खेळली, तिच्याच नावाचा सदरा घालून नातू शाहू स्टेडियमवर उतरतो. समोरचा संघ पलीकडच्या गल्लीतला. हरलेल्या पेठेस दुसऱ्या दिवशी त्याच मंडईत, त्याच दुधाच्या कट्ट्यावर जिंकलेल्या पेठेस तोंड द्यावे लागते. २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा. कोल्हापूरच्या सामन्यांतही हाणामारी होते, पोलिसांचा बंदोबस्त लागतो, आणि त्याची लाज तेथील जाणत्यांस वाटते. परंतु कोणी मालक उठून पाटाकडील तालीम दुसऱ्या शहरास देऊन टाकील, ही कल्पनाही तेथे कोणास करता येणार नाही.

प्रतिपक्ष निघून गेला म्हणजे खेळाचे काय होते, याचे एक विलक्षण उदाहरण क्रिकेटमध्ये घडले आहे आणि तेही पुण्यातच. डिसेंबर १९४८ मध्ये काठेवाडविरुद्ध महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विक्रम नऊ धावांवर आला होता. तेवढ्यात काठेवाडच्या कर्णधाराने सामना सोडला आणि संघ निघून गेला. निंबाळकरांचे कौशल्य, त्यांचे मनगट, त्यांची जिद्द सर्व जागच्या जागी होते. चेंडू टाकणारा तेवढा राहिला नाही. मूळचे कोल्हापूरचे हे फलंदाज पुढे राजस्थानकडूनही खेळले, म्हणून या प्रांतात राहणाऱ्या आम्हांस त्यांचे स्मरण अधिकच होते.

मुंबईच्या फुटबॉलसंघाचेही पुढे असेच काहीसे झाले. १३ मार्च २०२१ रोजी मुंबई सिटीने एटीके मोहन बागानचा २-१ असा पराभव करून लीगचे विजेतेपद मिळविले. साथीचे दिवस असल्यामुळे अंतिम सामना गोव्यात, मडगावच्या फातोर्डा मैदानावर, रिकाम्या आसनांपुढे झाला. ज्याच्या दाराशी जाऊन विजयाचा तोरा मिरवावा असा शेजारी पुण्यात उरला नव्हता. त्या रात्री आमच्या मुंबईकर मित्राने पुणेकर मित्रास दूरध्वनी केला खरा. पण चिडविण्यासारखे काही सुचेना, म्हणून मुलांच्या परीक्षांची चौकशी करून त्याने फोन ठेवला.

तेव्हा दोष कोणाचा? मालकांचा आहेच. परंतु आमच्या वर्गाचाही आहे. मुंबई-पुण्याचे वैर आम्ही बैठकीतील विनोदापुरते राखले. त्यासाठी कधी तिकीट काढले नाही, कधी पावसात भिजलो नाही, हरलेल्या संघाबरोबर मान खाली घालून घरी परतलो नाही. आम्हांपैकी कितीजणांनी बालेवाडीचे ते मैदान आतून पाहिले आहे? जिभेवर जगणारे वैर जिभेस फार जड होत नाही, आणि म्हणूनच ते सहज गिळून टाकता येते. नाटक पडले तर नाटककारास दोष देण्याची आपली रीत आहे. या प्रयोगात मात्र प्रेक्षकाची भूमिकाच रिकामी राहिली होती.

बदलीवर जगणाऱ्या माणसास ही गोष्ट अधिक लागावी. तीन वर्षे येथे, चार वर्षे तेथे, अशा हिशेबात आमच्या मुलांना पेठही मिळत नाही आणि प्रतिपक्षही मिळत नाही. पुण्याचा संघ हैदराबादेस जागा देऊन नाहीसा झाला, तशी आमची बिऱ्हाडे एका गावाच्या पटावरून उठून दुसऱ्या गावाच्या पटावर जातात. परंतु आमचे बंगाली स्नेहीही बदलीवरच आहेत. त्यांनी आपला संघ बरोबर आणला आहे, आणि त्याच्यासाठी ते अनोळखी बाजारात मासा शोधतात.

पुढच्या रविवारी त्यांनी आम्हांस जेवावयास बोलाविले. हिलसा अखेर मिळाली नव्हतीच, रोहू होता. जेवताना त्यांच्या दहा वर्षांच्या मुलाने आमच्या मुलास विचारले, "तू कोणाचा?" आमचा मुलगा गोंधळून आमच्याकडे पाहू लागला. त्यास काय सांगावे हे आम्हांस त्या वेळी सुचले नाही. या उन्हाळ्याच्या रजेत त्यास कोल्हापुरी आजोळी पाठवावे आणि स्पर्धा चालू असल्यास शाहू स्टेडियमवर एक सामना दाखवावा, एवढे मात्र आम्ही ठरविले आहे. पेठ कोणती, ते त्याचे आजोबा सांगतील.